नव्या डिस्कचा पायगुण

आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे आणि त्यावर आम्ही दोघी जावा मिळून काम करतो. थोरलीचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, धाकटीचे मराठी शाळेत. म्हणून उर्दू मजकूर थोरली बसवते आणि मराठी धाकटी. मिरजेतल्या आमच्या मोहल्ल्यातल्या लग्नपत्रिका, वलीम्याची आमंत्रणे, क्लासच्या प्रश्नपत्रिका, दुकानांची बिलबुके आणि दरवर्षी शाबान महिन्यात सहर-इफ्तारचे वेळापत्रक, ही आमची कामे. घरातले दोघे भाऊ आपापल्या नोकरीवर जातात. मुलांच्या फिया, अम्मांची औषधे आणि महिन्याच्या किराण्यातला थोडा वाटा मात्र या कॉम्प्युटरमधून निघतो. तो बंद पडला की आमच्या घरात हौसेची वस्तू बिघडलेली नसते, चूल अडलेली असते.

कॉम्प्युटर २०१४ सालचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबायचे, चहा ठेवायचा, गाळायचा, प्यायचा आणि कप विसळून यायचे. तोवर तो कामाला तयार होई. प्रोसेसर बिचारा अजून धडधाकट होता. अडत होते ते हार्ड डिस्कपाशी. हार्ड डिस्कच्या पोटात थाळ्या असतात, त्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात, आणि एक बारीक काटा पुढेमागे सरकत त्यांवरचा मजकूर वाचतो. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर तिचे बरे चालते. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फायली वेगवेगळ्या जागांहून उचलाव्या लागतात. काट्याला प्रत्येक वेळी धावत जावे लागते, आणि सेकंदाला शंभरेक खेपांपेक्षा जास्त खेपा त्याला जमत नाहीत. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, सगळा मजकूर चिपांत असतो. तिथे अशा खेपा सेकंदाला हजारोंनी होतात. जुन्या कॉम्प्युटरला जीव देणारा याहून स्वस्त उपाय आमच्या माहितीत नाही. थोरलीचा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने दोन महिने हेच आमच्या कानाशी लावले होते. अखेर अडीच हजारांच्या आत ४८० जीबीची एसएसडी घरात आली, पक्क्या बिलासकट.

विंडोज नव्याने टाकायची नाही, असे आम्ही दोघींनी आधीच सांगून ठेवले होते. आमच्या कॉम्प्युटरवर मराठीसाठी श्री-लिपी आहे, उर्दूसाठी इनपेज आहे, आणि गेल्या दहा वर्षांत गोळा झालेले फॉन्ट, बॉर्डरी, वेलबुट्ट्या आहेत. ते सगळे पुन्हा जसेच्या तसे बसवायचे म्हणजे महिनाभराचे काम. म्हणून मुलाने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवली. याला क्लोन करणे म्हणतात. जुनी डिस्क ५०० ची आणि नवी ४८० ची असली तरी आतला मजकूर जेमतेम २१० जीबी होता, त्यामुळे अडचण आली नाही. नक्कल करताना दोन्ही डिस्क एकाच वेळी जोडलेल्या असाव्या लागतात. जुनी तिच्या स्वतःच्या केबलवर होती. नवीसाठी त्याने बऱ्याच वर्षांत न वापरलेल्या डीव्हीडी ड्राइव्हची केबल काढून घेतली. नक्कल पुरी झाल्यावर जुनी डिस्क बाहेर काढून कपाटात ठेवली आणि नवी आहे तिथेच, आहे त्या केबलवर राहिली. कॅबिनेटमधली डिस्कची जागा जुन्या मोठ्या मापाची, आणि एसएसडी हाताच्या तळव्याएवढी, म्हणून ती दुहेरी टेपने चिकटवली.

तीन दिवस घरात आनंद होता. पंचवीस सेकंदांत कॉम्प्युटर सुरू. अम्मांनासुद्धा खोलीत बोलावून दाखवले.

चौथ्या दिवशी दुपारी धाकटी एका क्लासची प्रश्नपत्रिका सेव्ह करत होती. स्क्रीन गोठली. माउस हलेना. थोडा वेळ तसाच गेला, मग निळी स्क्रीन आली, तिच्यावरची इंग्रजी अक्षरे वाचायच्या आत गेली, आणि कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी परत तेच. दुसऱ्या दिवशी तीनदा. कधी निळ्या स्क्रीननंतर काळी स्क्रीन येई आणि बूट करण्याजोगे काही सापडत नाही असा संदेश दिसे. मग भिंतीवरचे बटण बंद करून, जरा थांबून पुन्हा चालू केले की जणू काही झालेच नाही असा तो उठून बसे.

आता घरात सल्ल्यांना तोटा नव्हता. अब्बा म्हणाले, "चालत्या गाडीला हात लावायची गरज काय होती, बेटा?" कामाला येणाऱ्या एका ओळखीच्याने डिस्क डुप्लिकेट असणार असे छातीठोक सांगितले. एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, फॉरमॅट मारून देतो, पाचशे रुपये. फॉन्ट जातील म्हटले तर म्हणाला, मग सहन करा. निळ्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो त्याला पाठवला. त्यावर 'कर्नल डेटा इनपेज एरर' अशी अक्षरे होती. ती वाचून तो म्हणाला, बघा, इनपेज लिहिलंय, तुमचं ते उर्दूचं सॉफ्टवेअरच बाद आहे, काढून टाका. थोरलीचा चेहरा पडला. तिची सगळी रोजी त्या एका सॉफ्टवेअरवर. रात्री मुलाने शोधून सांगितले की या इनपेजचा त्या इनपेजशी काही संबंध नाही. विंडोजला डिस्कवरून मजकुराचे एखादे पान मेमरीत आणायचे होते आणि ते नीट आले नाही, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. डिस्क, केबल, रॅम, यांपैकी कुठेही दोष असला तरी ही अक्षरे येऊ शकतात.

आणि मुलगा? तो गप्प झाला होता. कोणी त्याला रागे भरले नाही, पण जो तो खोलीत डोकावून 'पुन्हा बंद पडला का?' एवढे विचारून जाई, आणि विचारताना नजर त्याच्याकडे असे. आमच्या घरांत पायगुण मानायचा नाही, असे आपण सगळेच म्हणतो. तरी धाकटी लग्न होऊन या घरात आली त्याच आठवड्यात बोअरची मोटर जळाली, तेव्हा शेजारच्या एका बाईंनी तो शब्द उच्चारलाच होता. मोटरचे वाइंडिंग आधीच दोनदा भरलेले होते, ती आज ना उद्या जाणारच होती, हे सांगायला कोणी बसले नव्हते. नवे आले आणि त्यामागून काही बिघडले की बोट नव्याकडे वळते. कधी ते बरोबरही असते. पण बरोबर आहे की नाही हे बघावे लागते, आणि बघायला थोडे दिवस आणि थोडी शिस्त लागते.

आम्ही आधी कामाचा मजकूर सुरक्षित केला. बिघाड शोधण्याच्या आधी हेच करावे, मग कॉम्प्युटर कोणाचाही असो. नवी डिस्क बसवल्यानंतरच्या दिवसांत जे जे केले होते ते सगळे पेन ड्राइव्हवर घेतले आणि शिवाय स्वतःलाच ईमेल करून ठेवले. त्याआधीचे सर्व जुन्या डिस्कमध्ये होतेच. ती आम्ही पुसली नव्हती. खूप जण नवी बसली की लगेच जुनी कोरी करून दुसऱ्या कामाला लावतात. निदान महिनाभर तिला हात लावू नये. एक मात्र ध्यानात ठेवायचे: नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्क एकदम जोडून कॉम्प्युटर सुरू करायचा नाही. दोन्हींची आतली ओळखखूण एकच असते आणि विंडोज गोंधळून त्यांतल्या एकीला बाजूला टाकते.

मग एक शाळेची वही घेतली. कॉम्प्युटर बंद पडला की तारीख, वेळ, त्या क्षणी आम्ही काय करत होतो आणि निळ्या स्क्रीनवर काय होते, एवढे लिहायचे. निळी स्क्रीन वाचण्याइतकी थांबत नव्हती, म्हणून आपोआप पुन्हा सुरू होण्याची जी खूण विंडोजमध्ये असते ती काढून टाकली. सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' नावाचा भाग आहे, तिथे ती सापडते. नऊ दिवसांत १४ नोंदी झाल्या. सात वेळा मोठी फाइल सेव्ह होत होती, उघडत होती किंवा पेन ड्राइव्हवर जात होती. तीन वेळा विशेष काही चालले नव्हते. उरलेल्या चार नोंदी वाचून आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. चारही सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यानच्या होत्या, आणि त्या वेळी कॉम्प्युटरवर कोणीच नसते. तो नुसता चालू असतो आणि खोलीचा केर काढणे चाललेले असते. टेबलाखालून झाडू फिरवताना कॅबिनेट थोडे सरकते, त्याला धक्का लागतो.

सॉफ्टवेअरला झाडूचा धक्का लागत नाही. ही गोष्ट कोणत्याही दुरुस्तीवाल्याला फोनवरून कळली नसती.

मुलाने मग दोन गोष्टी उघडून दाखवल्या. एक विंडोजमधलाच 'इव्हेंट व्ह्यूअर'. त्यात कॉम्प्युटर स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. प्रत्येक वेळी बंद पडल्यावर तिथे 'कर्नल पॉवर ४१' ही नोंद होती. ती पाहून अनेक जण पॉवर सप्लाय बदलायला धावतात. वास्तविक ती नोंद एवढेच सांगते की कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. का, ते ती सांगत नाही. कामाची नोंद तिच्या आधी होती, १२९ क्रमांकाची. डिस्ककडे मागणी केली, उत्तर आले नाही, म्हणून डिस्कशी जोडणी तोडून पुन्हा जोडावी लागली, असा तिचा अर्थ. स्क्रीन गोठत होती ती याच वाट पाहण्यात.

दुसरे 'क्रिस्टल डिस्क इन्फो' नावाचे फुकट मिळणारे छोटे सॉफ्टवेअर. ते डिस्कची तब्येत दाखवते. नव्या डिस्कची तब्येत त्यात उत्तम होती, शंभर टक्के. खराब झालेले भाग शून्य, वाचता न आलेला मजकूर शून्य. फक्त 'सी ७' या ओळीत, सीआरसी एररपुढे, १८८ हा आकडा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो २३१ झाला. (हे सॉफ्टवेअर सुरुवातीला आकडे सोळाच्या हिशेबाने दाखवते, त्यात मध्येच इंग्रजी अक्षरेही येतात. सेटिंगमध्ये दहाचा हिशेब निवडला की आपल्याला वाचता येते.)

सीआरसी म्हणजे काय, हे मुलगा सांगू लागला आणि आम्हाला आमच्याच धंद्यातले उदाहरण सुचले. पत्रिकांचे गठ्ठे प्रेसमधून येतात तेव्हा प्रत्येक गठ्ठ्यावर आकड्याची चिठ्ठी असते. आपण मोजतो. चिठ्ठीवर शंभर आणि हातात अठ्ठ्याण्णव, तर गठ्ठा परत. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात मजकुराची ने-आण अशाच गठ्ठ्यांनी होते, प्रत्येकाबरोबर हिशेबाचा आकडा असतो, आणि पोहोचल्यावर जुळला नाही तर गठ्ठा पुन्हा मागवला जातो. 'सी ७' हा अशा परत गेलेल्या गठ्ठ्यांचा हिशेब. पाठवणाऱ्याकडे माल पुरा आहे, घेणाऱ्याकडे कमी पोहोचतो, तर बघायचे कुठे? वाटेत. आणि वाट म्हणजे केबल.

आता लाल रंगाच्या त्या केबलची गोष्ट. डीव्हीडी ड्राइव्हवर ती इतकी वर्षे बिनतक्रार होती, हे खरे. पण डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला दीड गिगाबिट या धीम्या वेगाने बोलतो, आणि एसएसडी ६ गिगाबिटने, म्हणजे चौपट. बैलगाडीला चालणारा रस्ता मोटारीला चालेलच असे नाही. शिवाय ती केबल वर्षानुवर्षे एका जागी काटकोनात दुमडलेली होती, तिच्या टोकाला पकडून ठेवणारी धातूची क्लिप नव्हती, आणि टेपवर चिकटलेली हलकी डिस्क तिच्या ओढीने किंचित तिरकी झाली होती.

हे सगळे पटण्याजोगे होते, पण अजून अंदाजच होता. इथे अब्बा कामी आले. त्यांचे आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेले. वही, नोंदी, आकडे हे सगळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ट्रेडलवर एखादा कोपरा फिका उमटला तर आम्ही काय करत होतो? शाई बदलली, रोलर बदलला, कागदाखालची गादी बदलली, आणि मग छापलं, असं केलं तर पोरांना कळायचंच नाही दोष कशात होता. एक बदला, प्रूफ काढा. मग दुसरं." त्या दिवसापासून घरातल्या चौकशीचा सूर पालटला. रात्री जेवताना तेच मुलाला विचारू लागले, "आज वहीत काय?"

हिशेब असा होता. जुनी डिस्क होती तेव्हा कॉम्प्युटर बंद पडत नव्हता. नवी आली तेव्हा एक नाही, तीन गोष्टी बदलल्या: डिस्क, केबल, आणि मदरबोर्डवरची ज्यात केबल बसते ती खोबण. आणि कॅबिनेट उघडताना रॅमला धक्का लागला असेल तर चौथीही. रॅम काढून, पुसून, पुन्हा घट्ट बसवली आणि विंडोजमधलीच मेमरीची तपासणी रात्री चालवली. काही निघाले नाही. ती यादीतून गेली.

तोवर शाबानचे दिवस सरत आले होते. वेळापत्रक प्रेसला जायचे होते. तीस ओळी, प्रत्येक ओळीत सहरची वेळ, इफ्तारची वेळ, चांद्र तारीख, इंग्रजी तारीख, वार, आणि सगळे उर्दूत व मराठीत. हे काम मजुरीच्या हिशेबाने फार मोठे नाही, पण जबाबदारीच्या हिशेबाने वर्षातले सर्वांत मोठे. लग्नपत्रिकेत वेळ चुकली तर पाहुणे थोडे आधी येतात. इथे एका आकड्यावर सगळ्या मोहल्ल्याचा रोजा. सेव्ह होता होता कॉम्प्युटर मान टाकत असेल तर अशा फाइलवर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून तेव्हा आम्ही जुनी डिस्क कपाटातून काढली आणि तिच्या स्वतःच्या केबलवर लावली. दोन दिवस पुन्हा तो चहाचा वेग. पण बंद एकदाही नाही. वेळापत्रक त्यावर पुरे केले. एकीने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचे, दुसरीने स्क्रीनवर बोट ठेवायचे, मग अदलाबदल करून पुन्हा. शेवटी अब्बांनी चष्मा लावून प्रूफ तपासले. चंद्र दिसायच्या पाच दिवस आधी ते प्रेसला गेले. एवढे झाल्यावर आम्हालाही दम आला आणि मुलालाही.

जुन्या डिस्कवर दोन दिवस नीट गेले, तेव्हा त्या ओळखीच्याने पुन्हा सांगितलेच, बघा, डिस्कच बोगस. पण जुनी डिस्क जुन्या केबलवर नीट चालली, यातून नव्या डिस्कचा गुन्हा शाबीत होत नाही. दोन्ही एकदम बदलल्या होत्या. मग मुलाने नवी डिस्क जुनीच्या केबलवर आणि जुनीच्याच खोबणीत लावली. चार दिवस. मोठ्या फायली मुद्दाम इकडून तिकडे केल्या, सकाळी केर काढताना कॅबिनेटला जाणूनबुजून धक्के दिले. निळी स्क्रीन नाही. 'सी ७' चा आकडा २३१ वरून हलला नाही. हा आकडा कमी कधीच होत नाही, तो वाढतो की थांबतो एवढेच पाहायचे असते. डिस्क सुटली.

राहिली केबल आणि ती संशयित खोबण. बाजारातून दीडशे रुपयांची क्लिपवाली नवी केबल आणली, आणि शंभराची एक पत्र्याची चौकट, जिच्यात छोटी डिस्क मोठ्या जागेत स्क्रूने घट्ट बसते. नवी केबल मुद्दाम त्याच संशयित खोबणीत लावली. तीन दिवस गेले, आठवडा गेला. काही नाही. खोबणही सुटली. मुलाला उलटी परीक्षाही घ्यायची होती, म्हणजे लाल केबल जुन्या डिस्कला लावून तीही बंद पडते का ते पाहायचे. जुन्या डिस्कवर दहा वर्षांचे काम आहे. त्या प्रयोगाला आम्ही दोघींनी एका सुरात नकार दिला.

एक उपद्रव मात्र मागे राहिला होता. निळी स्क्रीन थांबली तरी प्रिंटची खिडकी उघडली की प्रोग्राम आपोआप मिटून जाई. हा केबलचा दोष नव्हता, केबलने करून ठेवलेले नुकसान होते. नळ दुरुस्त झाला तरी भिंतीतली ओल लगेच जात नाही, तसे. लिहिता लिहिता १४ वेळा वीज तोडल्यासारखे झाल्यावर विंडोजच्या स्वतःच्या काही फायली अर्धवट राहिल्या होत्या. आधी 'चेक डिस्क' चालवले, मग 'एसएफसी स्कॅन नाऊ' ही आज्ञा दिली. तिने विंडोजच्या फायली एकेक करून तपासल्या, बिघडलेल्या सापडल्याचे सांगितले आणि दुरुस्त केल्या. त्यानंतर प्रिंटही सुरळीत. क्रम महत्त्वाचा आहे. केबल बदलण्याआधी हेच केले असते तर दुरुस्त झालेल्या फायली दुसऱ्या दिवशी परत बिघडल्या असत्या. आणि 'चेक डिस्क' नेहमी मजकूर दुसरीकडे घेतल्यावरच चालवावे, कारण डिस्क खरोखर मरणपंथाला लागली असेल तर त्या तपासणीचा ताण तिला सोसत नाही.

ज्या बहिणींच्या घरी असेच काही चालू असेल त्यांना सांगतो, दरवेळी केबलच निघेल असे नाही. आमच्या एका नातेवाइकांकडे कॉम्प्युटर काही वेळ रिकामा राहिला की गोठत असे. तिथे वीज वाचवण्यासाठी डिस्कची जोडणी झोपवणारी सेटिंग कारण निघाली. पॉवर प्लॅन बदलल्यावर थांबले. कुठे डिस्कला वीज देणारी तार सैल असते, कुठे ती तार जोडायला लावलेला स्वस्त ॲडॉप्टर गरम होतो, त्याला हात लावून पाहावे. कोणी बायोसमध्ये जाऊन सॅटाचा मोड बदला म्हणाले तर घाई करू नये. तो एएचसीआय असावा हे ठीक, पण विंडोज बसलेली असताना तो सहज बदलला तर ती सुरूच होत नाही. आणि डिस्क खरोखर खराबही निघते. 'सी ७' शांत आहे, पण तब्येतीचा टक्का झपाट्याने उतरतोय, वाचता न आलेल्या मजकुराचा आकडा वाढतोय, दुसऱ्या केबलवर आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ती मध्येच गायब होतेय, तर दोष तिचाच. अशा डिस्कांवर बहुधा तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते. म्हणून बिल फेकू नये. आमचे बिल अजून कुराण शरीफ ठेवतो त्या कपाटाच्या खालच्या खणात, रेशन कार्डाच्या पिशवीत आहे.

या कॉम्प्युटरवर विंडोज ११ बसत नाही, प्रोसेसर जुना म्हणून. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा हा किती दिवस पुरेल असे कोणी विचारले तर आम्ही वर्ष-दीड वर्ष म्हणतो. तेवढ्यात नव्याचे पैसे साठवायचे आहेत. बँकेचे काही आम्ही त्यावर करत नाही.

जुनी डिस्क आता दर गुरुवारी रात्री बाहेर निघते. यूएसबीच्या डबीत घालून तिच्यावर आठवड्याचे काम उतरवले जाते आणि ती परत कपाटात जाते. वही टेबलाच्या खणात आहे. शेवटची नोंद मुलाच्या अक्षरात आहे: केबल बदलली, सी ७ – २३१. त्याखाली अब्बांनी लाल पेनने प्रूफ पास केल्याची खूण केली आहे. मागच्या आठवड्यात क्लासच्या सरांनी त्यांचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतो म्हणून मुलाला बोलावून नेले. जाताना त्याने पेन ड्राइव्ह, एक केबल आणि एक कोरी वही बरोबर घेतली.